तीन लाद्यांचं अंतर

परळमध्ये सोनमोहर फुलतो तेव्हा उन्हाळा निम्मा झालेला असतो. एप्रिलच्या मध्यावर झाडं पिवळी होतात आणि पुढचे काही आठवडे रस्ता, फूटपाथ, उभ्या गाड्यांचे टप, चहावाल्याने बांधलेलं प्लॅस्टिक, सगळ्यावर पिवळा चुरा पडत राहतो. सकाळी झाडलेला रस्ता अकरापर्यंत पुन्हा पिवळा होतो. पाकळ्या वाळून तपकिरी होतात, चपलांना चिकटतात, घरापर्यंत येतात. लोकांना हे दिवस सुंदर वाटतात. ते थांबून मोबाइलवर फोटो काढतात. मी त्यांच्या बाजूने निघून जातो. या फुलांकडे बघून मला थकवा येतो, आणि त्याचं कारण फुलं नाहीत.

वर्तमानपत्रात अठ्ठावीस वर्षं छायाचित्रकार म्हणून काम केलं. आता दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी फोटोग्राफीचा वर्ग घेतो. बारा-चौदा जण येतात. बहुतेकांच्या नोकऱ्या संपलेल्या, कॅमेरे मुलांनी परदेशातून आणून दिलेले. पहिल्या रांगेत प्रभादेवीच्या देवधरबाई बसतात. बँकेतून निवृत्त झाल्या, वही घेऊन येतात, सगळं उतरवून घेतात. त्यांच्या मागे निखिल, व्यवसायाने दाताचा डॉक्टर, वर्गातला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात महागडी लेन्स असलेला.

चौथ्या रविवारी झूमचा धडा असतो. त्यासाठी मी घरून स्टीलचे दोन तांबे नेतो. टेबलावर एकामागे एक ठेवतो, मध्ये हातभर अंतर. मग निखिलला हॉलच्या टोकाला पाठवतो. तिथून त्याने झूम पूर्ण लांबवून फोटो काढायचा. नंतर टेबलाच्या अगदी जवळ यायचं, झूम मागे घ्यायचा आणि पुढचा तांब्या आधीइतकाच मोठा दिसेल असा दुसरा फोटो काढायचा. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी लावले की वर्गात दरवर्षी तीच कुजबुज होते. लांबून काढलेल्या फोटोत मागचा तांब्या पुढच्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, जवळपास तेवढाच मोठा. जवळून काढलेल्यात तो लहान होऊन मागे गेलेला असतो आणि मधलं टेबल लांबलचक दिसतं.

"तांबे हलवले का तुम्ही?" देवधरबाईंनी या वर्षी विचारलं.

"नाही."

"मग झूमने ओढून जवळ आणले."

"तेही नाही." मग मी तिसरा फोटो काढायला सांगतो. पुन्हा हॉलच्या टोकावरून, पण झूम न करता. त्यात टेबल काडेपेटीएवढं येतं. पडद्यावर तेवढाच तुकडा मोठा केला की पहिला फोटो जसाच्या तसा समोर येतो, फक्त जरा पुसट. तेच दोन तांबे, तसेच चिकटलेले. तेव्हा लोकांच्या लक्षात येतं की झूम फक्त तुकडा कापून मोठा करतो. वस्तू एकमेकींना चिकटतात की सुटतात, हे कॅमेरा धरणारा माणूस किती लांब उभा आहे यावर ठरतं.

"माझा नातू हेच सांगतो," देवधरबाई म्हणाल्या. "आजी, झूम करू नकोस, उठून ये."

वर्ग हसला. निखिलने हात वर केला. "पण सर, मग खरा फोटो कुठला?"

"तिन्ही खरे," मी म्हणालो. हे उत्तर इतक्या वेळा दिलं आहे की आता ते विचार न करता येतं. दरवर्षी त्यावर धडा संपतो आणि चहा येतो.

या वर्षी देवधरबाईंनी वही मिटली नाही. "तिन्ही खरे कसे हो? टेबलावर अंतर एकच आहे. वितीने मोजलं तर एकच उत्तर येईल ना?"

चहा आला. तांबे पिशवीत घातले. हॉलच्या खिडकीतून आत आलेल्या दोन-तीन पिवळ्या पाकळ्या टेबलाखाली पडल्या होत्या.

सगळं बंद झालं होतं त्या उन्हाळ्यातही सोनमोहर फुलला होता. तेव्हा सडा तुडवायला कुणी नव्हतं. परळच्या रस्त्यावर पिवळ्या रंगाचा सलग पट्टा पडलेला असायचा आणि त्यावर एखाद्याच सायकलच्या चाकाची रेघ. कोकिळा दुपारीही ओरडायच्या. मास्कमधून श्वास वर जायचा आणि कॅमेऱ्याची काच धुरकट व्हायची, म्हणून श्वास रोखून फोटो काढायची सवय लागली. सॅनिटायझरने बोटांची कातडी सोलली होती. पत्रकारांना फिरायची परवानगी होती. मी गिरगावहून स्कूटरवर निघायचो, लालबाग-परळ-दादर करून दुपारी परत यायचो.

घरी आई होती, ब्याऐंशी वर्षांची. दाराबाहेर बादली ठेवलेली असायची. कपडे त्यात, कॅमेरा पुसून खिडकीत, मग अंघोळ, मग घरात. जेवणाचं ताट आई मधल्या दारात ठेवून मागे सरायची. "ठेवलंय रे," म्हणायची, आणि मी उचलेपर्यंत पलीकडच्या खोलीत उभी राहायची. त्या दिवसांतला तिचा एकच फोटो माझ्याकडे आहे. वाडीच्या गॅलरीत ती कैऱ्या चिरत बसली आहे. मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला होतो. लांबून काढल्यामुळे तिच्या मागे वीस-पंचवीस फुटांवर वाळत ठेवलेल्या शेजाऱ्यांच्या बरण्या तिच्या डोक्यालाच टेकल्यासारख्या दिसतात. पुढच्या वर्षी आई गेली, वयाने गेली. फोटोतल्या बरण्या अजून तिला टेकून आहेत.

थोडक्यात, त्या दिवसांत मी मोठी लेन्स लावायचो ती भीतीपोटी. कुणाच्या जवळ जायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. आमच्यातले बरेच जण तेच करत होते आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात डेस्कवरून फोन आला. "लालबागकडे आहेस ना? गर्दीचं काहीतरी दे. लोक ऐकत नाहीयेत."

लालबागच्या एका चाळीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले होते. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, बाहेरच्यांस प्रवेश नाही. बांबूंच्या आत चाळीची लांब, सरळ गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला नाशिककडून आलेला भाजीचा टेम्पो. टेम्पोपासून बांबूंच्या दिशेने माणसांची रांग. मी रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवर गेलो. तिथून रांगेतला सगळ्यात जवळचा माणूस साधारण अडीचशे फुटांवर होता. मोठी लेन्स लावली, झूम शेवटापर्यंत नेला, श्वास रोखला आणि सात-आठ फ्रेम घेतल्या.

कॅमेऱ्यातून दिसत होतं ते असं: डोक्याला डोकं, खांद्याला खांदा, पिशव्यांना पिशव्या. जमीन कुठेच नाही. माणसांमागे माणसं आणि त्यांच्यामागे, जणू त्यांच्या डोक्यावरच, टेम्पोची हिरवी ताडपत्री.

तेवढ्यावर निघायला हवं होतं. पण रस्ता परत ओलांडून बाजूच्या बोळात लावलेल्या स्कूटरकडे गेलो, तर तिथे एका बंद बालवाडीचा जिना होता, चाळीच्या कंपाउंडला लागून. सावली होती म्हणून त्यावर चढलो. पहिल्या वळणावरून ती रांग आडवी दिसली, चाळीस फुटांवर. तेव्हा कळलं की माणसं रांगोळीने काढलेल्या गोलांत उभी आहेत. गोलांमध्ये खोल्यांचे आकडे लिहिले आहेत. दोन गोलांच्या मध्ये चांगली मोकळी जागा आहे, आणि तिथे पाकळ्या पडल्या आहेत. कुणी गोलाबाहेर पाय टाकत नव्हतं. एक बाई गळ्यात शिंप्याची टेप घालून रांगेच्या बाजूने फिरत होती. माझ्या पिशवीत लहान लेन्स होती. ती लावून दोन फ्रेम घेतल्या आणि उतरलो.

त्या दोन फ्रेम मी पाठवल्या नाहीत. हे लपवण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नाही. शिस्तीत उभ्या राहिलेल्या लोकांचा फोटो मागितला नव्हता. मला वाटलं, त्यात बातमी नाही. स्कूटरवर बसूनच लांबून काढलेली एक फ्रेम धाडली. दुसऱ्या दिवशी ती चार कॉलमांत छापून आली. वर मथळा होता: लालबागमध्ये अंतराचा फज्जा.

फोटोखाली माझं नाव होतं. फोटो चांगला छापला होता.

पुढचं मला एक वर्षानंतर कळलं, पुन्हा सोनमोहराच्या दिवसांत, एका फोनवरून.

"फोटो काढणारे तुम्हीच का? आमच्या गल्लीचा?" बाईचा आवाज. मागे शिलाई मशीन चालू होतं. "मी शोभा बोलतेय, तळमजला, तीन नंबर. मला फक्त एक विचारायचंय. तुमच्या कॅमेऱ्यात अंतर मोजता येतं का?"

मी गेलो. तोवर बांबू निघाले होते. शोभाताईंची खोली जिन्याच्या पायथ्याशी होती, मशीन दारातच. उजेड तिथे यायचा म्हणून. हिंदमाताच्या दोन साडीवाल्यांकडून फॉल-पिकोचं काम यायचं, बाकी चाळीतल्या बायकांचे ब्लाउज. मशीनचा आवाज जिन्यातून वरपर्यंत जायचा. शोभाताईंचा हात बोलतानाही थांबत नसे.

टेम्पो पहिल्यांदा आला तेव्हा झुंबड उडाली होती, त्यांनी सांगितलं. दोन म्हातारी माणसं पडली. "मग मी टेप घेऊन खाली बसले. म्हटलं, तुम्हाला अकला नाहीत तर मी आखून देते. आमची टेप साठ इंची, म्हणजे पाच फूट. वर एक फूट परत मोजायचा. दोन गोल काढले आणि बघते तर बरोब्बर तीन लाद्या. आपली शहाबादी लादी दोन फुटी. मग काय, टेप गळ्यात आणि लाद्या मोजत गेले. एका दमात चाळीस गोल." प्रत्येक गोलात खोलीचा आकडा. तिसऱ्या दिवसापासून चाळ मुकाट रांगेत उभी राहायला लागली. पोरं त्यांना 'सहा फूट' म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

फोटो छापून आला त्यानंतर दहा दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरचे तांबेकाका आजारी पडले. चौदा नंबरची खोली. रुग्णालयात नेलं ते परत आले नाहीत. चाळीत संडास सामायिक, नळ सामायिक, जिन्याचा कठडा सामायिक. पण त्यांचे फोटो छापून आले नव्हते. रांगेचा आला होता, आणि त्यात तांबेकाका पाठमोरेही ओळखू येत होते, पुढच्या माणसाच्या पाठीला नाक लावून उभे असल्यासारखे. कुणीतरी कात्रण चाळीच्या फलकावर टाचलं. ते पावसाळा संपेपर्यंत तिथे होतं. टेम्पो बंद झाला. तांबेकाकू गॅलरीत आल्या आणि खाली बघून एवढंच म्हणाल्या, "माप घेणारी मापातच चुकली." त्यानंतर त्या शोभाताईंशी बोलल्या नाहीत. जिन्यावरून उतरताना मशीनकडे बघायच्याही नाहीत.

"बाकीचे बोलतात," शोभाताई म्हणाल्या. "टोमणे मारतात, म्हणजे बोलतातच की. 'शोभे, तुझी टेप कुठे गेली गं?' करत. ते चालतं. मी पण दोन सुनावते. काकूंचं नाही चालत. त्यांचे ब्लाउज मी लग्न होऊन आले तेव्हापासून शिवते. त्यांच्या खांद्याचं माप मला पाठ आहे. आता त्या लालबागच्या बाजारातून तयार घेतात, इथे झोळ पडलेला असतो." स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून त्यांनी जागा दाखवली.

मग त्यांनी ती टेप काढली. पिवळी, कडेला फाटलेली, आकडे पुसट. माझ्या हातात दिली. "सांगा, चुकली असेल का? मी रोज विचार करते. जुनी टेप लांबते, दादा. आखडत नाही. टेप लांबली की आम्ही छत्तीस मोजतो आणि कापड साडेछत्तीस कापलं जातं. ब्लाउज सैल होतो, तंग होत नाही. म्हणजे माझे सहा फूट चुकले असतील तर जास्त भरले असतील. कमी नाही. बरोबर ना? पण मग तुमच्या फोटोत तसं का दिसतं? फोटो तर खोटं बोलत नाही."

अठ्ठावीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुठल्या संपादकाने विचारला नव्हता.

मी त्यांना समजावून सांगितलं. दोऱ्यांची रिळं घेतली, मशीनच्या फळीवर एकामागे एक लावली. रांगेतला माझ्या बाजूचा पहिला माणूस माझ्यापासून अडीचशे फुटांवर होता, दहावा तीनशेच्या थोडा पुढे. इतक्या लांबून दोघांच्या आकारात पाचव्या हिश्श्याचाही फरक पडत नाही. सारखी दिसणारी माणसं एकमेकांना चिकटलेली वाटतात. तेच मी दहा फुटांवर उभा असतो तर दहावा माणूस पहिल्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही लहान दिसला असता, आणि मधली जमीन दिसली असती. त्यांनी एक डोळा मिटून रिळं बघितली. मागे सरकल्या, पुढे आल्या, पुन्हा मागे सरकल्या.

"आणि झूम?"

"झूम फक्त तुकडा कापतो."

"म्हणजे कात्री." त्यांना लगेच कळलं. "कापड तेच. तुम्ही लांब बसून कापलंत." मग जरा थांबून, "तुम्ही इतके लांब का उभे होतात?"

"आई होती घरी. म्हातारी."

त्यांनी मान हलवली. यात समजावण्यासारखं काही नव्हतं. मी अंतर ठेवलं होतं म्हणून त्यांनी ठेवलेलं अंतर फोटोत आलं नाही, हे त्यांनी माझ्या आधी जुळवलं असावं. "मग हे असंच लिहा ना पेपरात. मी सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत. छापून आलं तर ऐकतील. तेही छापूनच आलं होतं."

मी डेस्कवर विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. "फोटोत काही फेरफार केलाय का?" नाही. "मग दुरुस्ती कसली छापायची? फोटो खरा आहे." तिन्ही खरे, हे वाक्य मी बहुधा तेव्हापासून म्हणायला लागलो.

शोभाताईंना फोन करून सांगितलं, जमत नाही. "बरं," त्या म्हणाल्या. मागे मशीन चालूच होतं. बालवाडीच्या जिन्यावरच्या दोन फ्रेमविषयी मी बोललो नाही. त्या दिवशी खोलीतही बोललो नव्हतो, रिळं मांडतानाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता, आणि त्याचं उत्तर लेन्सने देता येण्यासारखं नव्हतं. लेन्सची माहिती देणं सोपं होतं. ती मी भरपूर दिली.

त्यानंतर किती उन्हाळे गेले. दरवर्षी पिवळा चुरा पडतो, दरवर्षी चौथ्या रविवारी तांबे काढतो. माणूस एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवतो तेव्हा तो ती कुणाला तरी सांगायची टाळत असतो, असा माझ्यापुरता निष्कर्ष आहे. इतरांचं माहीत नाही.

देवधरबाईंनी वही मिटली नाही त्या रविवारी मी घरी येऊन जुनी डिस्क लावली. जिन्यावरून काढलेली फ्रेम सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मी ती कधी पुसली नव्हती. मोठी करून पाहिली. तांबेकाका चौदा आकड्याच्या गोलात होते, हातात तारेची पिशवी, तोंडाला पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीचा मास्क. त्यांच्या पुढे गोल, मागे गोल. लाद्यांच्या सांध्यांमध्ये पाकळ्या अडकल्यामुळे प्रत्येक लादीची चौकट पिवळ्या रेघेने आखल्यासारखी दिसत होती. मोजायला मुद्दाम आखली असती तरी इतकी स्पष्ट आली नसती.

चाळ आता रिकामी होते आहे. पुनर्विकासात मेअखेर सगळ्यांना बाहेर पडायचं आहे. अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली आहेत. गल्लीतल्या लाद्या निघतील, मग तीन लाद्या म्हणजे किती हे मोजून दाखवायला काही उरणार नाही. दादरच्या लॅबमधून मोठा प्रिंट काढून घेतला आणि सोमवारी सकाळी गेलो.

शोभाताई मशीनवर होत्या. केस पांढरे झाले होते. दारात खोके बांधून ठेवले होते, त्यावर सुतळी. "या," त्या म्हणाल्या. "सामान बघताय ना? खुर्ची पण बांधली. उभ्यानेच बोला."

मी पाकीट दिलं. त्यांनी हात पुसून फोटो बाहेर काढला. आधी कोण कुठे आहे ते बघितलं. "ही वंदी. हा आमचा. अगं बाई, ही मी, काय बारीक होते." मग बोट तांबेकाकांवर आलं आणि थांबलं. तिथून पुढच्या गोलापर्यंत त्यांनी नखाने लाद्या मोजल्या. एक, दोन, तीन. मग मागच्या गोलापर्यंत. एक, दोन, तीन. गळ्यातली टेप काढून त्यांनी दाराबाहेरच्या लादीवर ठेवली, वाकून बघितलं आणि परत गळ्यात घातली.

"चुकले नव्हते मी," त्या म्हणाल्या. मला उद्देशून नाही.

नंतर माझ्याकडे बघितलं. "हा कधी काढलात?"

"त्याच दिवशी. तो काढल्यावर पाच मिनिटांनी."

"म्हणजे तुम्ही इथे बसून रिळं मांडलीत तेव्हा हा होता तुमच्याकडे."

"हो."

जिन्यावरून कुणीतरी गादी उतरवत होतं. आम्ही दोघं बाजूला झालो. गादी गेली.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो पाकिटात घातला, पाकिटाची कड बोटांनी दाबून सरळ केली आणि माझ्याकडे परत दिला. "मला नको. मला माहीत होतं. वर चौदा नंबरला दाखवा. आणि काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा, माझं नाव घालू नका. जा, त्या आहेत घरात. गुरुवारी जाणार लेकीकडे."

त्या मशीनवर बसल्या. सुई कापडात उतरली आणि मशीन सुरू झालं.

दुसरा मजला. गॅलरीतल्या बहुतेक दारांना कुलपं. तुळशीच्या रिकाम्या कुंड्या, एक तुटका पाट, कठड्यावर विसरलेली चिमट्यांची माळ. चौदा नंबरचं दार उघडं होतं. तांबेकाकू उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसल्या होत्या, पुढ्यात कोकमं वाळत घातलेलं सूप. मी गॅलरीतच थांबलो. किती लांब थांबलो ते खाली बघितल्यावर कळलं. इथे लाद्या नव्हत्या, फळ्या होत्या, पण अंतर तेवढंच असावं.

"कोण?"

मी नाव सांगितलं. त्या काळी पेपरात होतो म्हणालो. खालचा फोटो, रांगेचा, मीच काढला होता.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "लांब कशाक उभो रवलंस? फुडे ये."

उंबऱ्याशी बसून सांगितलं. तांब्यांचा धडा, रिळं, अडीचशे फूट, यातलं काहीच मध्ये आणलं नाही. तेव्हा लांबून काढलेला फोटो दिला, हा ठेवून घेतला, आणि इतकी वर्षं दाखवला नाही, एवढंच. ऐकताना त्या कोकमं उलटत होत्या. प्रिंट हातात दिला तेव्हा तो त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, पुन्हा लांब नेला. जिथे दिसायला लागलं तिथे हात थांबला.

"हे आमचे," त्या म्हणाल्या. "पिशवी घेवन उभे आसत."

मी लाद्या दाखवल्या. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतः मोजल्या. दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या. फोटो मांडीवर उपडा ठेवला. गल्लीतल्या सोनमोहराची एक फांदी गॅलरीच्या छपरापर्यंत आलेली आहे. वारा नव्हता, तरी पाकळ्या पडत होत्या.

मग खुर्चीचे हात धरून त्या उठल्या. मला ओलांडून कठड्यापाशी गेल्या, फोटो तसाच हातात. खाली वाकल्या. तिथून तळमजल्याचं दार दिसत नाही, फक्त मशीन ऐकू येतं.

"शोभा," त्यांनी हाक मारली. मशीनच्या आवाजात ती विरली. मग जोरात पुन्हा मारली. "शोभा गो! वर ये जरा."

मशीन चालू होतं. आणखी थोडा वेळ चालू राहिलं, शिवण संपवायला लागतो तेवढा. मग थांबलं.